सिडनीचं चित्र नंतर, आधी गावचं देऊळ मोज

पत्र: मी मेहकर तालुक्यातल्या एका गावात राहते, अकरावी सायन्सला आहे. सिडनीचं ऑपेरा हाऊस, विजापूरचा गोल घुमट, ताजमहाल अशा इमारतींचे फोटो मोबाईलवर पाहून मी चित्रं काढते, अख्खी वही भरली आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होता. मला आर्किटेक्ट व्हायचंय, पण यातली एकही इमारत मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. आमच्या गावात बघण्यासारखं काही नाही. गावाबाहेर काळ्या दगडाचं महादेवाचं पडकं देऊळ आहे, तेवढंच. आमचं जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर बाबा पुढच्या उन्हाळ्यात पाडून स्लॅबचं बांधणार आहेत. सर म्हणतात, चित्रकला चांगली म्हणून कोणी आर्किटेक्ट होत नाही, गणित सोड, भूगोल घे आणि नीटची तयारी कर. मी कोणत्या इमारतींचा अभ्यास करू, आणि कसा?

उत्तर: इमारतींचं सावकाश बोलू, आधी गणिताचं बघ, कारण ते थांबणार नाही. बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीच्या प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असावेच लागतात. गणित सोडलंस तर नाटा या तिथल्या प्रवेश परीक्षेत कितीही चांगले गुण पडोत, प्रवेश मिळत नाही. बऱ्याच मुलांना हे बारावीचा निकाल हातात आल्यावर, फॉर्म भरताना कळतं. विषय बदलण्याचा अर्ज दिला असशील तर याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात जाऊन मागे घे. जीवशास्त्र ठेवायचं तर खुशाल ठेव. गणित मात्र सोडू नकोस. दुसरी वाट दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदविकेची आहे, पण तिथेही गणित असावंच लागतं.

सरांचं एक म्हणणं खरं आहे. फोटोवरून हुबेहूब चित्र काढता येणं आणि इमारत समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटोत इमारतीचा एक चेहरा दिसतो, तोही छायाचित्रकाराने निवडलेल्या जागेवरून. भिंत किती जाड आहे, छत कशावर टेकलंय, आत उजेड कुठून येतो, पावसाचं पाणी कुठे जातं, यातलं काहीच त्यात नसतं. ते कळतं प्लॅनमधून आणि सेक्शनमधून. जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर इमारत आडवी कापली आणि वरून पाहिली की दिसतो तो प्लॅन. वरपासून पायापर्यंत उभी कापली आणि बाजूने पाहिली की दिसतो तो सेक्शन. या दोन चित्रांत विचार करायची सवय लागली की मोबाईलवरची कोणतीही प्रसिद्ध इमारत तुला उलगडता येईल. आणि ती सवय लागते हाताने मापं घेऊन. त्यासाठी ते पडकं देऊळ आणि तुमचं धाब्याचं घर यांपेक्षा चांगलं साहित्य शहरातल्या मुलांनाही मिळत नाही.

घरापासून सुरुवात कर, कारण ते पुढच्या उन्हाळ्यानंतर नसेल. सामान फार लागत नाही: 30 मीटरचा फायबरचा टेप, 5 मीटरचा स्टीलचा टेप, गवंड्याकडून उसना ओळंबा, सूतदोरी, आलेख कागद, पुठ्ठा आणि दोन पेन्सिली, एक एचबी, एक 2 एच. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी हवं. आधी मापं न घेता हातानेच घराचा मोठा, ढोबळ प्लॅन काढ. खोल्या, खांब, दारं, कोनाडे, ओसरी, चूल, न्हाणी, सगळं. मापं लिहायला जागा राहील इतका मोठा काढ. मग एका भिंतीच्या एका कोपऱ्यावर टेपचा शून्य ठेव आणि टेप न हलवता पुढची सगळी मापं सलग वाच: दाराची कड 0.85, दुसरी कड 1.75, खांब 2.60, कोपरा 4.12. प्रत्येक तुकडा वेगळा मोजून नंतर बेरीज केली की दर वेळची अर्ध्या सेंटिमीटरची चूक साठत जाते आणि शेवटी भिंत पाच सेंटिमीटरने लांब निघते.

खोलीचे दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय खोलीतून बाहेर पडू नकोस. जुन्या घरांत काटकोन क्वचितच असतो. चार बाजू बरोबर असल्या तरी कर्णाशिवाय खोलीचा आकार ठरत नाही. दोन कर्ण 5.02 आणि 5.31 आले, तर खोली तिरकी आहे आणि ती तशीच काढायची, मनाने सरळ करायची नाही. काही फायबर टेपचा शून्य कडीच्या टोकाला असतो, काहींचा थोडा पुढे, तो आधी पाहून घे. स्टीलच्या टेपचं टोकाचं हूक किंचित हलतं, तो बिघाड नाही. हुकाच्या पत्र्याची जाडी भरून काढायला ते मुद्दाम ढिलं ठेवलेलं असतं. लांब अंतरावर टेपला झोळ पडला की माप जास्त येतं, म्हणून मध्ये कोणीतरी हात द्यावा. आणि अर्धी मापं फुटात, अर्धी सेंटिमीटरमध्ये असं चुकूनही करू नकोस. गवंडी फुटात बोलतील, तू मीटरमध्ये लिही.

सगळं 1:50 या प्रमाणात काढ, म्हणजे 4 मीटरची भिंत कागदावर 8 सेंटिमीटर. 15 मीटर लांब घर 30 सेंटिमीटरचं होतं आणि ए-3 कागदावर नीट बसतं. त्यानंतर धाब्याचा सेक्शन, आणि हा भाग मनापासून कर. खाली लाकडी तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर काड्या किंवा फळ्या, पाला आणि वर पांढरीची माती. प्रत्येक थर किती जाड आहे ते धाब्याच्या कडेला किंवा धुराड्याच्या भोकाशी मोजता येतं. मग हिशोब कर. कोरडी दाबलेली माती घनमीटरला साधारण 1.7 टन भरते. थर 30 सेंटिमीटरचा असेल तर चौरस मीटरला अर्धा टन, आणि 3 बाय 4 मीटरच्या खोलीवर सहा टन. पावसात भिजली की त्याहून जास्त. गळती थांबवायला दरवर्षी वर नवी माती टाकतात आणि जुनी काढत नाहीत, त्यामुळे ओझं वाढत जातं. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे ओल धरते, वाळवी लागते, आणि बहुतेक धाबी तिथूनच बसतात. तुमच्या घरातल्या तुळयांची टोकं स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टोचून पाहा. लाकूड मऊ लागलं तर तशी खूण सेक्शनवर कर आणि बाबांना लगेच सांग.

याच घरात आणखी एक काम आहे. साधा थर्मामीटर घे. एप्रिल-मे महिन्यात आठवडाभर सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 ला तीन ठिकाणचं तापमान लिही: धाब्याच्या खोलीत, शेजारच्या एखाद्या स्लॅबच्या खोलीत आणि बाहेर सावलीत. थर्मामीटर भिंतीपासून लांब, छातीच्या उंचीवर टांगायचा. भिंतीला चिकटवला तर हवेचं तापमान न येता भिंतीचं येतं. तिन्ही रेषा एका आलेखावर काढ. जाड मातीतून दुपारचं ऊन आत पोचायला कित्येक तास लागतात, तोवर बाहेर रात्र होते. 12 सेंटिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला जेमतेम 300 किलो भरतो, म्हणजे धाब्यापेक्षा हलका, पण ऊन त्यातून काही तासांतच उतरतं आणि माणसं झोपायला आत येतात नेमकं तेव्हा छत तापलेलं असतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात घर राहण्याजोगं आहे की नाही हे इथेच ठरतं.

हा आलेख समोर ठेवलास की अहमदाबादचं ‘संगत’ तुला कळेल. बाळकृष्ण दोशींनी 1980 च्या सुमारास बांधलेलं हे त्यांचं स्वतःचं कार्यालय. दोशी पुण्यात जन्मले, आणि 2018 मध्ये प्रित्झकर हा आर्किटेक्टना मिळणारा मोठा जागतिक पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. ‘संगत’चा काही भाग जमिनीत उतरवलेला आहे, वर लांबट अर्धगोल कमानी छतं आहेत आणि त्यांवर पांढऱ्या चिनीमातीच्या फुटक्या तुकड्यांचा थर आहे. जमीन आतली खोली थंड ठेवते, पांढरा चकचकीत पृष्ठभाग ऊन परत फेकतो. फोटोत ते विचित्र आकाराचं दिसतं. सेक्शन पाहिला की एकेक गोष्ट उन्हाच्या हिशोबाने केलेली दिसते. वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापूकुटी आहे, तीही जमेल तेव्हा पाहून ये. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू, खाली उतरलेलं छत, भोवती पडवी. तिथे गेलीस की ओसरीच्या पागोळीची उंची आणि पडवीची रुंदी मोज, आणि दुपारी ऊन भिंतीला कुठवर शिवतं ते पाहा.

आता देऊळ. एकटी जाऊ नकोस, घरचं कोणीतरी बरोबर असू दे. आत जाण्याआधी काठी आपट, पडक्या देवळात साप-विंचू असतात. सुटलेल्या दगडाखाली उभी राहू नकोस. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला आधी विचार. शिडी लावायची नाही, दगडावर खडूने खुणा करायच्या नाहीत, खिळा तर नाहीच. उंची मोजायला सावली पुरे. 1 मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी कर, तिची सावली मोज, आणि लगेच देवळाच्या टोकाची सावली मोज. इथे जवळजवळ सगळे चुकतात. टोकाची सावली भिंतीपासून धरायची नसते, टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून धरायची, आणि तो बिंदू देवळाच्या मध्यात असतो. सावली भिंतीला काटकोनात पडत असेल अशी वेळ निवड. सावलीचं टोक भिंतीपासून 6 मीटरवर असेल आणि देऊळ 7 मीटर रुंद असेल, तर सावली धरायची 6 अधिक साडेतीन, म्हणजे साडेनऊ मीटर. काठीची सावली 1.2 मीटर असली तर उंची जवळपास 7.9 मीटर. नुसते 6 धरले असते तर 5 मीटर आली असती.

मग मंडपात जाऊन वर बघ. हेमाडपंती देवळांत पुष्कळ ठिकाणी छत असं असतं: चार खांबांवर चार तुळया, म्हणजे एक चौकोन. त्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक तिरका दगड, म्हणजे आत एक फिरवलेला लहान चौकोन. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तिरके दगड. शेवटी मधल्या भोकावर एकच शिळा, बहुधा कमळ कोरलेली. हे नक्षीसाठी केलेलं नाही. दगडाला दाब कितीही चालतो, पण वाकवलं की तो खालच्या बाजूने तडकतो. सारख्याच जाडीच्या शिळेची लांबी दुप्पट केली की तिच्या स्वतःच्या वजनाने येणारा ताण चौपट होतो. 3 मीटरची जागा एका शिळेने झाकायला गेलं तर ती शिळा प्रचंड जाड हवी. कोपरे कापत गेलं की बाजूंच्या मध्यांना जोडणारा आतला चौकोन 2.12 मीटरचा होतो, त्याच्या आतला दीड मीटरचा. प्रत्येक फेरीला उघडी जागा निम्मी होते आणि दोन फेऱ्यांत एका माणसाएवढ्या शिळेने काम भागतं. तुझ्या देवळातले हे चौकोन मोज. दगड बरोबर मध्यावर टेकलेत की पुढे सरकलेत ते पाहा. एखादी शिळा तडकलेली असेल तर तडा कुठे आहे तेही काढ, बहुधा मोकळ्या कडेच्या मध्याजवळ असेल.

आणि आता तुझ्या वहीतला गोल घुमट काढ. मुहम्मद आदिलशाहाची ही कबर, तो 1656 मध्ये वारला. आतली खोली चौरस आहे, एक बाजू जवळपास 41 मीटर, मध्ये एकही खांब नाही. वरच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर. चौरस खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा? बांधणाऱ्यांनी भिंतींपासून कमानी उचलल्या आणि त्या एकमेकींना छेदू दिल्या. वरून पाहिलं तर दोन चौकोन एकमेकांवर पंचेचाळीस अंशांनी फिरवून ठेवलेले दिसतात, मध्ये अष्टकोन उरतो आणि त्यावर वर्तुळ बसतं. तुझ्या देवळातलाच चौकोन फिरवण्याचा विचार इथे आहे, फक्त आडव्या शिळांच्या जागी कमानी आल्या. एक फरक मोठा आहे. शिळा वजन सरळ खाली देते, कमान आणि घुमट बाहेर ढकलतात. म्हणून इथे भिंती तीनेक मीटर जाड आहेत, आणि छेदणाऱ्या कमानींचा आतल्या बाजूला झुकलेला भार घुमटाच्या बाहेरच्या रेट्याला विरोध करतो. देवळाचा आणि गोल घुमटाचा सेक्शन एकाच कागदावर शेजारी शेजारी, पण आपापल्या प्रमाणात काढ. तुझ्या आधीच्या सगळ्या चित्रांपेक्षा हा एक कागद जास्त मोलाचा ठरेल.

सिडनीच्या ऑपेरा हाऊसचा अभ्यास कागदावर करू नकोस, जुना रबरी चेंडू घे. डेन्मार्कचे आर्किटेक्ट यॉर्न उत्झन यांनी 1957 मध्ये या इमारतीसाठीची स्पर्धा जिंकली तेव्हा ती शिडांसारखी छतं नुसती सुंदर रेखाटलेली होती. प्रत्येकाचा बाक वेगळा, त्यामुळे बांधायची कशी आणि साचे किती करायचे, हे काही केल्या सुटेना. तोडगा निघाला तो असा की सगळी छतं एकाच, 75 मीटर त्रिज्येच्या गोलातून कापलेले तुकडे मानायचे. बाक सगळीकडे एकच झाला, म्हणून काँक्रीटच्या फासळ्या त्याच त्या साच्यांतून ओतता आल्या. तरीही इमारत उघडायला 1973 साल उजाडलं. चेंडूतून लहानमोठे त्रिकोणी तुकडे काप आणि जमिनीवर उभे करून पाहा. एकही तुकडा एकटा उभा राहत नाही, दोन एकमेकांना टेकवावे लागतात, आणि छतं जोडीने का आहेत ते हातालाच कळतं. चेंडूचे तुकडे पुन्हा जुळवले की चेंडूच होतो, हेही करून बघ.

पाहायला कुठे जाशील? लोणार तुझ्यापासून जवळ आहे. दैत्यसूदन मंदिराची बाहेरची भिंत ताऱ्यासारखी मोडत मोडत जाते, तिचा प्लॅन काढणं हा चांगला कस आहे. एका सरळ सूतदोरीपासून प्रत्येक कोपऱ्याचं काटकोनातलं अंतर घेत जायचं, नाहीतर कोन जुळत नाहीत. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांची समाधी पाहा. अजिंठ्याला गेलीस तर एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्याच्या छताकडे बघ. दगडात लाकडी फासळ्या कोरल्या आहेत, ज्यांचा वजन पेलायला काही उपयोग नाही. आधीच्या लाकडी इमारतींची सवय दगडात उतरली आहे. सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवलं, आणि ती वाकाटकांची शाखा वत्सगुल्मची, म्हणजे आजच्या वाशिमची, तुझ्या शेजारच्या जिल्ह्यातली. वेरूळचं कैलास वरून खाली कोरत आणलंय. तिथे मापं घेत बसू नकोस, फक्त कोणता दगड आधी काढला असेल याचा क्रम लाव. नागपूरला काम निघालं तर दीक्षाभूमीचा स्तूप आतून बघ. सांची आणि इतर जुने स्तूप भरीव असतात, हा पोकळ आहे, 120 फूट व्यासाचा. आत उभं राहून आवाज घुमतो कसा ते ऐक.

बाबांच्या नव्या घराबद्दल तू विचारलं नाहीस, पण त्यात तुझा हात लागू शकतो. मेहकर साधारण 20 अंश अक्षांशावर आहे. 21 मार्चला भर दुपारी सूर्य 70 अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर 60 सेंटिमीटरचा छज्जा असेल तर सावली 165 सेंटिमीटर खाली उतरते आणि खिडकी पूर्ण झाकते. डिसेंबरात सूर्य 46 अंशांवर येतो, सावली 60 सेंटिमीटरच्या आसपास पडते आणि थंडीचं ऊन आत येतं. पश्चिमेला यातलं काही चालत नाही, कारण दुपारनंतर सूर्य तिरका येऊन छज्ज्याखालून आत शिरतो. त्या बाजूला खिडकी लहान ठेवा, न्हाणी, संडास, कोठीची खोली तिकडे घ्या, पुढे पडवी काढा किंवा कडुनिंब लावा. स्लॅबच्या अगदी खाली दोन समोरासमोरच्या भिंतींत झरोके सोडा, तापलेली हवा तिथून निघून जाते. उतार नीट करून वर चायना मोझॅक, म्हणजे ‘संगत’वर आहे तसा फुटक्या चिनीमातीचा पांढरा थर करा, आणि तेवढे पैसे नसतील तर दर मार्चमध्ये पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. हे सगळं 1:50 च्या प्लॅनवर काढून बाबांना आणि मिस्त्रीला दाखव. पाया खणण्याआधी दाखवलंस तर उपयोग होईल. आणि सळ्यांची जाडी, कॉलमची मापं यात तू पडू नकोस, ते सिव्हिल इंजिनिअरकडून करून घ्या.

परीक्षांचं थोडक्यात. राज्यातल्या कॉलेजांसाठी नाटा किंवा जेईई मेनचा पेपर 2 ए चालतो. नागपूरचं व्हीएनआयटी किंवा दिल्ली, भोपाळच्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) या संस्था हव्या असतील तर पेपर 2 ए द्यावाच लागतो, तिथे नाटा चालत नाही. पेपर 2 ए 400 गुणांचा असतो: गणित 100, कल चाचणी 200, चित्रं 100. नाटा 200 गुणांची असते आणि सध्याच्या स्वरूपात त्यातले 80 गुण हाताने करायच्या कामाला आहेत, ज्यात चित्रं काढायची असतात आणि दिलेल्या साहित्यातून त्रिमितीय रचनाही उभी करायची असते. तुझी अडचण इथे येईल, कारण तू फोटो पाहून काढतेस आणि परीक्षेत फोटो नसतो. आजपासून रोज अर्धा तास आठवणीतून काढ: एसटी स्टँड, आठवडी बाजार, खळं, ट्रॅक्टरखाली वाकलेला मेकॅनिक. आधी क्षितिजरेषा आखायची, मग माणसांची डोकी तिच्यावर ठेवायची. तू आणि ती माणसं सपाट जमिनीवर उभी असाल तर जवळच्या आणि लांबच्या माणसांचे डोळे एकाच रेषेवर येतात, फक्त पाय वरखाली होतात. एवढं जमलं तरी चित्रातली अर्धी चूक जाते. त्रिमितीय रचनेसाठी लग्नपत्रिकांचा जाड कागद वापर, अर्ध्या तासाची वेळ लावून, डिंकाशिवाय, फक्त खाचा पाडून अडकवत.

अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे आणि त्यातला काही काळ एखाद्या कार्यालयात प्रशिक्षण असतं. पदवीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, 1972 चा कायदा तसा आहे. घरच्यांना फीची धास्ती असेल. सरकारी कॉलेजांत ती खासगीपेक्षा बरीच कमी असते. शिवाय ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा राज्य सरकारचा 2024 चा निर्णय आहे. इतर गटांसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. वसतिगृह, जेवण, कागद, मॉडेलचं साहित्य आणि पुढे लॅपटॉप हा खर्च मात्र वेगळा धरा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेअर यांची कामं बारावी सुरू होताच तहसीलला आणि जिल्ह्याला लावून द्या. जात वैधतेला महिने लागतात, आणि प्रवेशाच्या दिवसांत त्या कार्यालयांत उभं राहायलाही जागा नसते.